जाळीचं कपाट: एकदा फसलेलं पॉलिश आणि पायापासून केलेली दुरुस्ती

ठाण्याच्या नौपाड्यातली तीन मजली इमारत पुनर्विकासाला गेली आणि बिऱ्हाड नवी मुंबईतल्या ऐरोलीला हलवायचं ठरलं. दिवाण, सोफा, दोन लोखंडी कपाटं यांचा निकाल एका संध्याकाळी लागला. अडलं ते स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटावर. फ्रीज यायच्या आधी दूध, दही, उरलेली भाजी याच कपाटात असायची आणि मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असायचे. फ्रीज आल्यावर त्यात डबे गेले, मग रद्दी, मग नुसती धूळ. आजींना ते सोडवत नव्हतं. सूनबाईंना नव्या घरात कांदे-बटाटे-लसूण ठेवायला हवेशीर जागा हवीच होती. दोघींच्या मते त्याला फक्त "एक हात पॉलिश" लागणार होतं.

ते पॉलिश जुलैत झालं, सप्टेंबरात बिघडलं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळं काम पायापासून पुन्हा करावं लागलं. जुन्या लाकडी वस्तूंची बहुतेक कामं फसतात ती रंगात नव्हे, क्रमात. इथेही तेच झालं.

कपाटाची मापं अशी: उंची 1370 मिलिमीटर, रुंदी 760, खोली 400. चार कोपऱ्यांतले खांब 45 मिलिमीटर चौरस आणि तेच खाली 230 मिलिमीटर पाय म्हणून उतरलेले. दोन दारं; वरच्या भागात जाळी, खाली लाकडी फळी. दोन्ही बाजूंनाही वर जाळी, खाली फळी. खांब आणि आडव्या पट्ट्या सागवानाच्या. सांधे खोबण आणि तिच्यात बसणाऱ्या जिभेचे, वरून बांबूची खुंटी ठोकून पक्के केलेले. मूळ कामात एकही स्क्रू नाही. आतल्या तीन फळ्या मात्र नंतर कधीतरी बदललेल्या, आंब्याच्या. एका बाजूची खालची फळी तडकली होती, म्हणून कुणीतरी ती चारही बाजूंनी खिळे मारून "घट्ट" केली होती. सगळ्यावर हिरवा ऑइल पेंट, जाळीवर चंदेरी रंग.

जुलैतलं काम उक्तं दिलं होतं, दोन दिवसांत संपलं. बाहेरचा हिरवा रंग गॅलरीत मशीनने घासून काढला, पायांची खालची बाजू मऊ लागली तिथे लांबी (पुट्टी) भरली, वर सीलरचे दोन आणि लॅकरचे दोन हात मारले. आतला रंग तसाच. जाळीच्या गंजावर पुन्हा चंदेरी. कपाट पहिले आठ दिवस सुरेख दिसत होतं, हे मान्य करायला हवं.

मग एकेक गोष्ट वर आली. पहिल्यांदा दारांवर दुधाळ पांढरट ढग दिसायला लागले. ऑगस्टच्या मध्यावर कपाटाखाली मैद्यासारखी पिवळसर भुकटी पडू लागली. पुसली की चार दिवसांनी पुन्हा. सप्टेंबरात मागचा डावा पाय बसला. कपाट 12 मिलिमीटरने कललं, दारांमधली फट वर बोटभर आणि खाली शून्य झाली. मिस्त्रीला बोलावलं तर तो म्हणाला, "काकू, दार रंधून देतो." दार रंधायचं नव्हतं. दाराचा काहीच दोष नव्हता.

निदान

चार तक्रारी, चार वेगळी कारणं. ती वेगळी काढल्याशिवाय हत्यार उचललं असतं तर तिसऱ्यांदा काम करावं लागलं असतं.

पांढरे ढग हे दमट हवेचं काम. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो, आणि पावसाळी हवेतली वाफ त्या थंड थरावर दव धरावं तशी बसून थरातच अडकते. चपड्याच्या (लाखेच्या) पॉलिशलाही हेच होतं, कारण स्पिरिटही तसंच उडतं. ठाण्यात आणि खाडीकाठच्या ऐरोलीत जुलै-ऑगस्टमध्ये घरात पंखा लावून हे टळत नाही. शिवाय खुद्द लाकडातही पाणी होतं. पिनांच्या मीटरवर सप्टेंबरच्या सुरुवातीला खांबांत 17 टक्के ओलावा निघाला. ऑक्टोबरअखेर त्याच जागी 12. म्हणून पहिला निर्णय काहीच न करण्याचा झाला: कपाट रिकामं करून, दारं उघडी ठेवून, भिंतीपासून वीतभर लांब, सहा आठवडे नुसतं उभं.

कोणतं पॉलिश चढलं आहे हे कळायला दोन थेंब पुरतात. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा थेंब टाकून मिनिटभराने बोट लावायचं: चिकट झालं तर चपडा. नाही झालं तर एनसी थिनरचा (लॅकरच्या थिनरचा) थेंब: विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद न देणारा थर मेलामाइनचा किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) असतो, आणि तो काढायला रंग सोडवणारा रिमूव्हर किंवा घासणं लागतं. इथे थिनरने थर सुटला, म्हणजे बाहेरचं काम सोपं होतं.

भुकटीसाठी कपाटाखाली काळा चार्ट पेपर पंधरा दिवस अंथरला. कण कसे आहेत यावरून कीड ओळखू येते. भुकटी मैद्यासारखी मऊ आणि भोकं 1 ते 2 मिलिमीटरची असतील तर तो लाकूड पोखरणारा बारीक भुंगेरा. खसखशीसारखे सुटे, कडक, सहा कडांचे दाणे पडत असतील तर कोरड्या लाकडातली वाळवी. मातीच्या नळ्या दिसल्या तर जमिनीतून आलेली वाळवी, आणि मग प्रश्न कपाटाचा नसून भिंतीचा असतो. इथे भुकटी मऊ होती आणि भोकं जवळजवळ सगळी आंब्याच्या फळ्यांत. या भुंगेऱ्याच्या अळीला लाकडातला स्टार्च हवा असतो. आंब्याच्या लाकडात तो भरपूर; सागवानाच्या गाभ्यात जवळजवळ नाही. पण सागवानाच्या कडेला जो पांढरा भाग असतो त्याला गाभ्याचं संरक्षण नसतं, आणि दोन खांबांच्या आतल्या कडेला तसा बोटभर पांढरा पट्टा होता. तिथेही नऊ भोकं सापडली. "सागवानाला कीड लागत नाही" हे वाक्य गाभ्यापुरतंच खरं आहे.

पायाचं निदान पेचकसाने झालं. टोक दाबलं तर चांगल्या सागवानात ते मिलिमीटरभरही जात नाही. मागच्या डाव्या पायात तळापासून 80 मिलिमीटरपर्यंत ते लोण्यात गेल्यासारखं गेलं. बाकी तिघांत 50 ते 70. अनेक वर्षं पाण्यात उभं राहिल्यावर सागवानही कुजतो, आणि सर्वांत वाईट अवस्था तळाची नसते, पाण्याच्या पातळीच्या जरा वर असते. तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. जुलैत भरलेली लांबी म्हणजे चॉक पावडर आणि फेविकॉल. ती वजन घेत नाही, ओल शोषते, आणि कुजलेला भाग झाकून ठेवते.

चौथी गोष्ट घरात कुणालाच तक्रार वाटली नव्हती: गॅलरीत मशीनने घासलेला जुना हिरवा रंग. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाखांत 90 भागांच्या) आत ठेवण्याचा नियम 2016 मध्ये आला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असणारच असं धरून चालावं, विशेषतः हिरव्या, पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत. कोरडं घासलं की ते धुळीतून फरशीवर, तिथून रांगत्या मुलाच्या हातावर आणि तोंडात जातं. त्यामुळे दुरुस्तीच्या आधी गॅलरी आणि शेजारची खोली झाडू न लावता ओल्या फडक्याने तीनदा पुसून घेतली, दर वेळी पाणी बदलून, आणि फडकी फेकून दिली.

रंग उतरवणं

बाहेरचं लॅकर थिनरने भिजवलेल्या चिंध्यांनी आणि जुन्या टूथब्रशने निघालं. साधारण दीड लिटर थिनर लागला. आतल्या हिरव्या रंगाला रिमूव्हर. तो ब्रशने पातळ ओढायचा नसतो. जाड थापायचा, वरून प्लॅस्टिकचा कागद चिकटवायचा, 25 मिनिटं थांबायचं, मग बोथट पट्टीने लाकडाच्या रेषांच्या दिशेने खरवडायचं. घाई केली तर वरचाच थर निघतो आणि रिमूव्हर दुप्पट लागतो. दोन फेऱ्यांत 1 लिटर संपला. सांध्यांच्या कोपऱ्यात उरलेला रंग पाणी शिंपडून पटाशीच्या कडेने काढला. कोरडा घासला नाही. धुळीचा मास्क रिमूव्हरच्या वाफा अडवत नाही, म्हणून हे काम उघड्या गॅलरीत, दुपारी, स्वयंपाकघरातला गॅस बंद ठेवून. खरवडलेला लगदा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवी बांधून, घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा दिला.

इथे बरेच जण कॉस्टिक सोड्याच्या वाटेला जातात, कारण तो स्वस्त आहे आणि रंग झटक्यात फुगवतो. पण सागवान त्याने काळवंडतो, आणि जुन्या सांध्यात सरेस (जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद) असेल तर तोही सैल होतो. लोखंडी ग्रिलला कॉस्टिक ठीक. सागवानाला नको.

रंग निघाल्यावर खिळ्यांभोवती आणि कुलपाच्या पट्टीमागे निळसर काळे डाग दिसले. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांचा तो डाग. घासून जात नाही, खोलवर असतो. 1 लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून डागावर लावलं, 20 मिनिटांनी साध्या पाण्याने दोनदा पुसून घेतलं, आणि दोन दिवस वाळू दिलं. हातमोजे हवेतच, हे विष आहे. वाळल्यावर पांढरे स्फटिक राहिले असतील तर पुन्हा ओल्या फडक्याने पुसायचे. ते घासले तर धूळ नाकात जाऊन ठसका लागतो.

पायांसाठी लाकूड कुठून आणायचं

वखारीतून नवा सागवान आणता आला असता. पण जुन्या, पिकलेल्या लाकडाला नवीन जोडलं की रंग कधी जुळत नाही, आणि बाजारातला तुकडा पुरता वाळलेला असेलच असं नाही. नौपाड्यातल्या त्याच घराच्या खिडकीची चौकट सूनबाईंनी वेळेत मागून ठेवली होती, हा या सगळ्यातला सर्वांत शहाणा निर्णय. पाडकाम सुरू झालं की दारं, खिडक्या, ग्रिल यांच्यावर बहुतेक वेळा पाडकाम करणाऱ्या ठेकेदाराचा हक्क लागतो आणि माल थेट वखारीत जातो. जे हवं ते घराचा ताबा देण्याआधी लेखी सांगून काढून घ्यावं.

चौकट 100 बाय 65 मिलिमीटर जाडीची. आधी ती खरंच सागवान आहे का हे पाहिलं: एका कडेवर रंध्याचा एक हात मारल्यावर सोनेरी तपकिरी रंग, हाताला किंचित तेलकट स्पर्श, कातड्यासारखा वास. भिंतीत गाडलेली दोन्ही टोकं 150 मिलिमीटर कापून टाकली, कारण तिथे चुना, ओल आणि वाळवीच्या खुणा असतात. मग सबंध लांबीवरून चुंबक फिरवला. स्पीकरमधला जुना चुंबक यासाठी उत्तम. सात खिळे सापडले, त्यातले तीन रंगाखाली पूर्ण बुजलेले. एक खिळा रंध्याचं पातं खातो, आणि मशीनच्या करवतीवर तो माणसाच्या अंगावर उडतो.

420 मिलिमीटर लांबीचा तुकडा मधोमध चिरला. 100 मिलिमीटरमधून करवतीचे 3 गेले, 48-48 चे दोन भाग मिळाले. ते रंधून 45 वर आणले. आडवे अर्धे केल्यावर 200 मिलिमीटरचे चार पाय तयार. उरलेल्या चौकटीतून आतल्या फळ्यांच्या पट्ट्या निघाल्या.

पायांचा सांधा

कपाट पाठीवर, गोधडीवर आडवं घेतलं. चारही पाय तळापासून 100 मिलिमीटरवर कापले. सगळ्यांची कुज तितकी नव्हती, पण चारही सांधे एका उंचीवर आले की नजर तिथे अडखळत नाही. वर उरलेल्या पायाची अर्धी जाडी आणखी 100 मिलिमीटर कापून काढली, नव्या तुकड्यावर तशीच अर्धी, आणि दोन्ही एकमेकांवर चढवली. खालची आडवी पट्टी 230 वर, सांधा 200 वर संपतो, म्हणजे मूळ सांध्याला धक्का नाही. अर्ध्या जाडीचा सांधा वाकण्यापुढे फार भक्कम नसतो, पण पायावर भार सरळ खाली येतो आणि इथे खांद्यावर खांदा (कापाची आडवी पायरी) टेकलेला असतो. कापताना हा खांदा गुण्याला (काटकोनाला) अचूक बसला पाहिजे. फट राहिली तर सगळा भार चिकटद्रव्यावर येतो.

कुज कापल्यावर लाकूड नुसतं दिसायला चांगलं असून भागत नाही. पेचकसाची चाचणी ताज्या कापावर पुन्हा केली. मागच्या डाव्या पायात 8 मिलिमीटर आत एक मऊ शीर सापडली, म्हणून तिथे सांधा 15 मिलिमीटरने वर सरकवला आणि त्याच्यासाठी चौकटीतून वेगळा लांब तुकडा काढला.

चिकटवायला अराल्डाइट, दोन नळ्यांतून समान भाग. फेविकॉल इथे का नाही? साधा फेविकॉल ओलीला टिकत नाही. मरीन टिकतो, पण त्याला पक्का दाब आणि घट्ट बसणारा सांधा लागतो, आणि जुन्या पायाचा काप थोडा खडबडीत होता. सागवानाचं तेल पृष्ठभागावर येत राहतं, म्हणून दोन्ही बाजू ॲसिटोनने पुसून दहा मिनिटांच्या आत चिकटवल्या. आदल्या दिवशी पुसून उपयोग नाही. प्रत्येक सांध्याला 8 मिलिमीटरच्या दोन बांबूच्या खुंट्या, एका रेषेत न ठेवता तिरक्या, म्हणजे लाकूड एका रेषेवर चिरत नाही. शिकंजे (क्लॅम्प) दोनच होते, तेव्हा बाकी दोन पायांना सुतळीचे आठ वेढे देऊन मध्ये काठी घालून पीळ दिला. 24 तास हात लावला नाही.

कपाट उभं करण्याआधी दोन कर्ण मोजले. समोरच्या चौकटीचा एक कर्ण दुसऱ्यापेक्षा 9 मिलिमीटर जास्त होता. कललेल्या अवस्थेत दोन महिने उभं राहिल्याचा परिणाम. दोन सैल खुंट्या ठोकून काढल्या, सांध्यातला जुना सरेस कोमट पाण्याच्या ब्रशने धुतला (सरेसवर फेविकॉल धरत नाही, हे विसरलं की सांधा वर्षभरात पुन्हा सुटतो), वाळू दिला, मरीन फेविकॉल लावून कर्ण समान होईपर्यंत सुतळीने ओढला. त्यानंतर दारं आपोआप जागेवर आली. रंधा लागला नाही.

तळाच्या उभ्या रेषा पाणी स्ट्रॉसारख्या वर ओढतात. म्हणून प्रत्येक पायाच्या तळाला उरलेलं अराल्डाइट हेअर ड्रायरच्या उबेने जरा पातळ करून चोळलं आणि खाली नायलॉनचे 10 मिलिमीटर उंच बूट ठोकले. आजींची पाण्याच्या वाट्यांची मागणी मात्र फेटाळली गेली. कांदे-बटाट्यांना मुंग्या लागत नाहीत, हा युक्तिवाद त्यांना अर्धाच पटला.

जाता जाता: मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवऱ्यात किंवा चोरबाजारात जुनं कपाट घ्यायला जाल तर आधी ते आडवं करून पाय बघा. चढवलेला सांधा असणं वाईट नाही. रंगाखाली लांबी असणं वाईट.

किडीचा बंदोबस्त

आंब्याच्या तिन्ही फळ्या काढून लगेच घराबाहेर. "पोटमाळ्यावर ठेवू, कधीतरी लागतील" हा मोह टाळला, कारण भुंगेरे तिथून बाहेर पडून दुसरं लाकूड गाठतात.

खांबांच्या पांढऱ्या पट्ट्यासाठी औषध निवडताना हे अन्नाचं कपाट आहे हे आधी लक्षात घ्यावं लागलं. वाळवीसाठी सर्रास वापरलं जाणारं क्लोरपायरीफॉस इथे बाद. त्याऐवजी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड: 1 लिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम बोरॅक्स आणि 40 ग्रॅम बोरिक ॲसिड, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळून, कोमट असतानाच उघड्या लाकडावर ब्रशने दोन हात, चार तासांच्या अंतराने. नऊ भोकांत इंजेक्शनच्या सिरिंजने ते थेट सोडलं. मग तो भाग प्लॅस्टिकने तीन दिवस गुंडाळला. द्राव पृष्ठभागावर वाळून गेला तर आत शिरत नाही, म्हणून ही गुंडाळणी महत्त्वाची. हे औषध रंग किंवा पॉलिशवरून मारून काही होत नाही, आणि पाण्याने ते धुपतं, त्यामुळे फक्त घरातल्या, वर पॉलिश होणाऱ्या लाकडासाठी. दहा दिवस वाळल्यावर वर आलेले पांढरे कण ओल्या फडक्याने पुसले. न पुसता पॉलिश केलं असतं तर पुन्हा ढगांचीच तक्रार.

पॉलिशचा इथे दुहेरी उपयोग आहे. हा भुंगेरा अंडी घालतो ती उघड्या लाकडाच्या छिद्रांत. आतून-बाहेरून, फळ्यांच्या खालूनसुद्धा पॉलिश असेल तर त्याला जागा राहत नाही. बाहेर चकाचक आणि आत कोरडं ठेवलेलं फर्निचर म्हणूनच आतून पोखरलं जातं.

तडकलेली फळी

खिळे मारून घट्ट केलेल्या फळीला खिळ्यांनीच तडकवलं होतं. चौकटीच्या खाचेत बसलेली फळी सुतार मुद्दाम मोकळी ठेवतो. 300 मिलिमीटर रुंद सागवानाची फळी ओलावा 4 टक्क्यांनी बदलला की साधारण 2 मिलिमीटर फुगते किंवा आकसते. खिळ्यांनी ती धरून ठेवली तर आकसताना कुठेतरी फाटणारच. खिळे काढले आणि तडीत लांबी न भरता सागवानाची पाचरीसारखी सळई बसवली, एकाच बाजूला चिकटवून. फळी पुन्हा मोकळी. जागेवर राहावी म्हणून वरच्या आणि खालच्या कडेला मधोमध एकेक बारीक खुंटी.

आतल्या फळ्यांऐवजी पट्ट्या केल्या: 40 मिलिमीटर रुंद, 20 जाड, मध्ये 12 मिलिमीटरची फट. आतली खोली 360. सात पट्ट्या आणि सहा फटी मिळून 352, पुढे-मागे 4-4 मोकळे. पट्ट्यांची लांबी 680 असल्याने खाली मधोमध एक आधार दिला, नाहीतर लोणच्याच्या बरण्यांनी त्या वाकल्या असत्या. तिनांऐवजी दोनच खण ठेवले. बरणीवर झाकण उघडायला हात जाईल एवढी जागा हवी. खालच्या खणात कांद्याच्या साली पकडायला काढता येणारा स्टीलचा ट्रे. कांदे आणि बटाटे वेगवेगळ्या खणांत, कारण शेजारी ठेवले तर बटाट्याला लवकर मोड येतात.

जाळी

चंदेरी रंगाखालची लोखंडी जाळी बोटाने फुटत होती. ॲल्युमिनियमची जाळी स्वस्त, पण बोट लागलं की खोलगट होते ती कायमची. इथे 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची घेतली. चार उघड्या जागा, प्रत्येकी 250 बाय 560. चारही बाजूंनी 25 मिलिमीटर जास्त धरून 300 बाय 610 चे चार तुकडे; 4 फूट पन्ह्याच्या जाळीत ते एका ओळीत बसतात, म्हणजे सव्वादोन फूट लांबी पुरली. मापं दुकानात जाऊन ठरवणारे हमखास दुप्पट विकत घेतात.

ताण देण्याचा क्रम: आधी वरची कड मधून बाहेरच्या दिशेने, मग खालची कड खेचून तशीच, शेवटी दोन्ही बाजू. कोपऱ्यापासून सुरुवात केली की जाळीत तिरकी सुरकुती पडते. वरून सागवानाची पट्टी आणि दर 75 मिलिमीटरवर पाऊण इंची 4 नंबरचा पितळी स्क्रू. एका तुकड्याला 22, चारांना 88. पितळी स्क्रू सागवानात थेट फिरवला तर मान तुटते. आधी भोक पाडायचं, त्यात तेवढाच लोखंडी स्क्रू एकदा फिरवून बाहेर काढायचा, मग पितळीच्या आट्यांना मेणबत्ती चोळून तो बसवायचा. एवढं करूनही दोन तुटले. जुनी पितळी बिजागरी आणि मूठ चिंचेच्या कोळात मीठ घालून तासभर ठेवल्यावर साफ झाली. नवीन घ्यावी लागली नाहीत.

पॉलिश

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, कोरडी हवा. पॉलिश पेपर 120, 180, 240 या क्रमाने, रेषांच्या दिशेनेच. 320 पर्यंत गेलं नाही. सागवान फार गुळगुळीत केला तर पॉलिश धरत नाही.

चपडा 200 ग्रॅम, स्पिरिट 1 लिटर, काचेच्या बरणीत रात्रभर. लोखंडी डब्यात भिजवला तर तो काळसर होतो. सकाळी मलमलीतून गाळून, आतल्या सगळ्या भागाला ब्रशने दोन पातळ हात. सुकलेला चपडा खाण्याच्या गोळ्यांवरही असतो, तेव्हा अन्नाच्या कपाटाला याहून बरं काही नाही. बाहेरच्या बाजूसाठी त्यातच आणखी 600 मिलिलिटर स्पिरिट घालून पातळ केला आणि मलमलीत कापूस गुंडाळलेल्या गोळ्याने पाच हात, रोज एक किंवा दोन. गोळा एका जागी थांबवायचा नाही. थांबला की खालचा थर उचलला जातो. भिजवलेला चपडा सहा महिन्यांनी नीट वाळेनासा होतो, म्हणून उरलेला साठवला नाही.

कपाटाचा माथा मात्र चपड्याचा ठेवला नाही. स्वयंपाकघरात त्याच्यावर कुकर टेकवला जाणार हे गृहीतच होतं, आणि चपड्यावर गरम भांड्याचं पांढरं कडं उमटतं. माथ्याला पीयूचे तीन हात, थेट उघड्या लाकडावर, आधी थिनरने तेल पुसून. चपड्याच्या थरावर पीयू मारला असता तर चपड्यातल्या मेणामुळे तो पापुद्रे धरून सुटला असता. दोन्हींच्या सीमेवर चिकटपट्टी लावून रेघ सरळ ठेवली. चमक किंचित वेगळी दिसते. दिवसा बारकाईने पाहिलं तरच.

सुताराचे चार दिवस लागले, पॉलिशवाल्याचे तीन, आणि मध्ये वाळण्याची वाट पाहण्यात पाच आठवडे. यावेळी मजुरी रोजाने ठरवली. उक्त्या कामात वाळायला थांबणं कारागिराला परवडत नाही आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही.

काळा चार्ट पेपर कपाटाखाली अजून आहे. मे-जूनमध्ये भुंगेरे बाहेर पडण्याचा काळ. पुढच्या वर्षी तेव्हा एका खांबाखाली चिमूटभर भुकटी दिसली, दोन नवी भोकं सापडली, सिरिंजने पुन्हा औषध गेलं आणि भोकं मेणाने बुजवली. त्यानंतर कागद स्वच्छ. जुलैत उजवं दार खालच्या बाजूला मिलिमीटरभर घासायला लागलं. मिस्त्री पुन्हा रंधा घेऊन आला होता. त्याला चहा देऊन परत पाठवलं. ऑक्टोबरच्या शेवटी दार आपलं आपण सुटलं.